जानकीच्या जागा

कामतघर वस्तीत सगळं मिळतं, शांतता मिळत नाही. एका भिंतीला लागून कापड विणणारे चोवीस लूम, मागच्या गल्लीत आणखी तीस, आणि शिफ्टमागून शिफ्ट एकच खटॅक-खट, खटॅक-खट. इथल्या दोन बायका सुखदुःखाचं बोलायला लागल्या तरी परगावच्या पाहुण्याला वाटतं, भांडण जुंपलंय. अशा ठिकाणी धनेश भोईरने घरातल्या घरात गाण्याचा स्टुडिओ काढायचं मनावर घेतलं. आता बोला! गल्लीतले लोक तोंडावर हसले, पाठीमागे तर पोट धरून हसले.

पण धनेश ऐकणाऱ्यांतला नव्हता. वय पस्तीस, हळदी-लग्नात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, आणि आजोबांच्या खाजणातल्या जमिनीवर गोडाऊन उभं राहिल्यापासून पोटाची काळजी नव्हती. ज्याला पोटाची काळजी नसते त्याला दुसरी कसली तरी लागतेच. २००६ सालचा गणपती उठला आणि धनेशने मागच्या खोलीतली भाताची कणगी बाहेर काढली.

आधी मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या चकरा. कॉम्प्युटर जुळवून घेतला, त्यात आवाजासाठी वेगळं कार्ड बसवलं, चार तारा जोडायचा छोटा मिक्सर आणला, कानांवर बसणारे दोन भलेथोरले हेडफोन आणले. आणि सगळ्यांत शेवटी माइक. हा लग्नातला दांडगा माइक नव्हे, की नवऱ्याच्या मामाने हातात धरून खाकरावं. हा हळवा माइक, दमट हवा लागली तरी रुसणारा. तो स्पंजच्या पेटीत, पेटी कापसात, कापूस कपाटात. धनेशची बायको विनिता म्हणाली, "अहो, माझं मंगळसूत्रसुद्धा एवढं जपून ठेवत नाही मी."

मग खोली. खिडकी विटांनी बुजवली. आतून दुसरी भिंत घेतली, दोन भिंतींमध्ये लूमचं वेस्ट सूत ठासून भरलं. भुर्जीच्या गाड्यांवरून अंड्यांचे ट्रे गोळा केले आणि भिंतीला चिकटवले. ट्रेने बाहेरचा आवाज अडत नाही, फक्त आतला घुमत नाही, हे ज्ञान सव्वाशे ट्रे चिकटवून झाल्यावर झालं. तरीही लूमची धडधड जमिनीतून यायचीच. मग ट्रकचे जुने टायर आणून त्यांच्यावर प्लायवूडची जमीन केली, म्हणजे खोलीच्या आत दुसरी खोली, टायरांवर तरंगणारी. ती झाली तर तारांमधून घूं असा आवाज. कुणीतरी सांगितलं, अर्थिंग नीट नाही. अंगणात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, वर मीठ आणि कोळसा. विनिता दारातून बघत होती. "आता हिंग-जिरंही टाका," म्हणाली, "फोडणी तरी पुरती होईल."

पण काय सांगू, घूं गेलं! माइकपुढे 'प' आणि 'फ' म्हटलं की फुस्स व्हायचं, तेव्हा विनितानेच आपली भरतकामाची रिंग काढून दिली, तिच्यावर पातळ मोजा ताणून बसवला. बोलायला तिखट बाई, पण हाताने कधी नाही म्हणाली नाही. सहा वर्षांच्या लेकीने, करिष्माने, पुठ्ठ्यावर 'शांतता राखा' असं रंगवलं आणि ते सगळ्यांना ओरडून वाचून दाखवलं.

एवढं करूनही लूम चालू असताना बारीक खटखट यायचीच. लाइट गेली की लूम बंद पडायचे, पण मग कॉम्प्युटरही बंद. दात आहेत तर चणे नाहीत, अशी गत. शेवटी उरला शुक्रवार. शुक्रवारी लूमला सुट्टी. दुपारची नमाज सुटली की दोन-अडीच तास गल्ली अशी गप्प व्हायची की धनेशला स्वतःच्या फ्रिजचा आवाज ऐकू यायचा. फ्रिज बंद, पंखा बंद, कुकर बंद, की स्टुडिओ चालू.

हा सगळा खटाटोप कुणासाठी? ऑर्केस्ट्रातल्या पोरांना वाटायचं, धनेशशेठ आता हळदीच्या गाण्यांच्या सीडी काढणार. काढणार होताही पुढेमागे. पण आधी त्याला एकच गोष्ट हवी होती, त्याच्या आईचा धवला.

धनेशची आई हौसाबाई ही धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात बाकी काही नसलं तरी चालायचं, धवलारीण लागायची. मांडव पडल्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं. हळदीचा वेगळा, पाटाचा वेगळा, बाशिंगाचा वेगळा. ते कुठे लिहिलेलं नाही, सगळं तोंडात. आणि हौसाबाई एकटी कधी गेली नाही. तिच्याबरोबर खारबावची जानकीबाई. हौसा टाकायची, जानकी झेलायची. चाळीस वर्षं दोघींनी अशी टाकाझेल करून अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली.

आता त्यांना कोण बोलावतंय! भटजी येतो, डीजे येतो, धवलारणींना एक साडी देऊन कोपऱ्यात बसवतात. हौसाबाई सत्तरीची झाली होती. जानकीबाईने जन्मभर लूमवर कांड्या भरल्या, सुताचा भुगा छातीत जाऊन बसला, आता तिला दम्याने चार पावलं चालवत नव्हती. दोघींनंतर हा धवला कुणाच्याच तोंडात नव्हता. सगळा हवेत जाणार. धनेशला हे एकदम एका हळदीत कळलं. कीबोर्ड वाजवता वाजवता त्याने कोपऱ्यात बसलेल्या आईकडे पाहिलं आणि त्याचा सूर चुकला. त्यानंतरच कणगी बाहेर निघाली होती.

स्टुडिओ तयार झाला तसा तो आईला म्हणाला, "आये, आता बस आणि म्हण सगळा."

"कुनाचं लगीन हाय?"

"लग्न कशाला? रेकॉर्डिंग करायचंय."

"मंग न्हाय." हौसाबाईने पान लावायला घेतलं. "नवरी न्हाय, मांडव न्हाय, आनी मी धवला म्हनू? कुनाच्या नावानं? धवला म्हंजे काय सिनेमाचं गानं हाय, कवाबी गुनगुनायला?"

धनेशने परोपरीने सांगितलं. खोलीवर केलेला खर्च सांगितला, टायर सांगितले, मीठ-कोळसा सांगितला. हौसाबाई ढिम्म. घरचं झालं थोडं, तशात करिष्मा म्हणाली, "आजी, शांतता राखा."

तोडगा निघाला तो विनिताकडून, तोही सहज. संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती सासूला म्हणाली, "आई, आमच्या लग्नात तुम्ही दोघी बसला होता ना पाटाजवळ. मला तुमचे नुसते ओठ हलताना दिसत होते. ऐकू एक अक्षर आलं नाही."

खरंच होतं ते. आठ वर्षांपूर्वीच्या त्या लग्नात स्वतः नवरदेव हळदीच्या अंगाने स्टेजवर चढला होता आणि कीबोर्ड वाजवत होता. मोठमोठे स्पीकर लावले होते, पत्रे थरथरत होते. दोघी म्हाताऱ्या कोपऱ्यात बसून गात होत्या आणि धनेशने एकदाही तिकडे मान वळवली नव्हती. आता ते आठवून त्याची कानशिलं तापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाली, "नवरीच्या कानावर पडला न्हाय तो धवला म्हटला असं मी धरत न्हाय. तुमच्या दोघांचा रायलाय. तो म्हनते."

धनेश उडालाच आनंदाने.

"पन आयक. नवरीनं आयकायचा. आनी एकदाच. एका नवरीचा धवला दोनदा म्हनत न्हाईत. दुसऱ्यांदा म्हटला की तो दुसरीचा व्हतो, सवत बोलावनं हाय ते. परत म्हन, चुकला, फिरून म्हन, असलं काय न्हाय चालायचं."

"एकदाच. शब्द दिला." धनेशने कान पकडले. आणि तिला समजावं म्हणून जरा लूमच्या भाषेत सांगितलं. "आये, हे यंत्र म्हणजे लूमचं उभं सूत बीमवर भरण्यासारखं आहे. तुझा आवाज हा ताणा. तो एकदा भरला की नंतर त्याच्यावर पाहिजे ते आडवं विणता येतं. आज एकाचा आवाज घ्यायचा, आठ दिवसांनी दुसऱ्याचा. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं एकाच वेळी गायले."

"आसं?" हौसाबाईने मान वर केली. "आठ दिवसांनी बी?"

"महिन्याने पण."

तिने लावायला घेतलेलं पान हातातच थांबलं. धनेशच्या मनात ढोलकी होती, कीबोर्ड होता. आईच्या मनात काय आहे हे त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

शुक्रवार आला. फ्रिज बंद झाला. हौसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून टायरांवरच्या खोलीत जाऊन बसली. दाराशेजारी बसवलेल्या काचेच्या अलीकडे धनेश कॉम्प्युटरसमोर, शेजारी विनिता कानांवर हेडफोन लावून, डोक्यावर पदर घेऊन. माइक जुळवायला काहीतरी बोल म्हटलं तर म्हातारीने मासळी मोजली, "बोंबील, निवट्या, कोलंबी, चिंबोरी." सुया नीट हलल्या. धनेशने बोटाने खूण केली.

"खाजनाच्या बांधावर गो, मांडव कुनाचा..."

अहाहा! काय आवाज तो. जुन्या पितळेसारखा, जरा काळा पडलेला पण खणखणीत. विनिताने पदराचं टोक घट्ट धरलं.

आणि मग हौसाबाई थांबली.

डोळे मिटलेले, ओठ नुसते हलतायत, मान बारीक डुलतेय. बराच वेळ गेला. मग पुढची ओळ आली. परत थांबली. एकदा थोडं, एकदा खूप. एका ठिकाणी तर एवढी थांबली की धनेशला वाटलं, संपलं. तास-सव्वातास हे असं चाललं. एक ओळ, मग ओठ हलवत गप्प, मग पुढची ओळ.

धनेशने एकच अर्थ लावला. आई विसरतेय. ओळ आठवायला तिला एवढा वेळ लागतोय. जी बाई तीन दिवस तीन रात्री न अडखळता गायची, ती आज शब्द शोधतेय, आणि आपण उशीर केला. जानकीची झेल त्याच्या ध्यानात आली नाही असं नाही, पण त्याच्या लेखी झेल म्हणजे कोरस, तीच ओळ फिरून म्हणायची. तसं असतं तर जागा सारख्या मापाच्या पडल्या असत्या. या तर वाकड्यातिकड्या.

विनिताने हेडफोन काढले. "अहो, आई मधेमधे थांबतायत त्याचं काहीतरी आहे. विचारा ना."

"वेडी आहेस का? म्हाताऱ्या माणसाला काय विचारायचं, तू विसरलीस का म्हणून? जिवाला लागेल तिच्या. मी करतो बरोबर."

आणि केलं की बरोबर! चार दिवस कॉम्प्युटरपुढून हलला नाही. पडद्यावर आवाजाच्या गाठी दिसतात आणि मध्ये सपाट रेघ, म्हणजे गप्पपणा. धनेशने त्या सगळ्या सपाट रेघा कापल्या. श्वास कापले, खोकला कापला, बांगडीचा आवाज कापला. ओळीला ओळ जोडली, सांधा म्हणून दिसू दिला नाही. सव्वातासाचा धवला पंचवीस मिनिटांत बसला. ऐकला की वाटावं, चाळिशीतली हौसाबाई एका दमात गातेय. मग कॉम्प्युटरची जागा संपत आली म्हणून त्याने मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. ठेवायचं कशाला? आईचा विसराळूपणा जपून ठेवायची गोष्ट आहे का? कापलेल्याची एक सीडी बनवली, वर लाल पेनाने 'आईचा धवला' लिहिलं आणि कपाटात माइकच्या पेटीशेजारी ठेवली. तिला एकदम देऊन चकित करायचं होतं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

पुढच्या शुक्रवारी जेवणं झाली आणि दारात रिक्षा थांबली. सकाळपासून कुठेतरी गेलेली हौसाबाई आधी उतरली, मग तिने हाताला धरून जानकीबाईला उतरवलं. जानकीबाई म्हणजे नुसती काठी, तिला नऊवार गुंडाळलेलं. एका हातात दम्याचा पंप, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत विनितासाठी नारळ. ओट्याच्या दोन पायऱ्या चढायला तिने तीनदा श्वास घेतला.

"फ्रिज बंद कर," हौसाबाईने मुलाला हुकूम सोडला. तिचा चेहरा नवरीच्या आईसारखा फुलला होता. "हिला आनलीय. तुझ्या लग्नातला हिचा अर्धा रायलाय तो भरायला. तूच बोल्लास ना, आठ दिवसांनी दुसऱ्याचा घेता येतो? मी जागा सोडल्यात तिच्या."

धनेशला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं, आणि पायाखालची प्लायवूडची जमीन नव्हे, खरीच जमीन सरकली. पण समोर त्या दोघी उभ्या होत्या. तो भेकडासारखा गप्प राहिला, खरं ते सांगतो. मनात म्हणाला, जमेल कदाचित. मावशी घाईघाईने म्हणेल.

जानकीबाईला आत बसवलं. दार लावलं तर तिचा जीव गुदमरायला लागला. ठासून भरलेल्या त्या खोलीत हवा कुठली! मग दार सताड उघडं टाकलं. एवढ्या भिंती, एवढे ट्रे, सगळं बाजूला. हौसाबाई उंबऱ्यावर बसली. विनिताने जानकीबाईच्या पांढऱ्या केसांवर अलगद हेडफोन बसवले. धनेशने आईचा आवाज सोडला.

ओळ आली. जानकीबाईचे डोळे चमकले. हौसा थेट कानात गातेय! तिने श्वास भरला, तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडातून पहिलं अक्षर निघायच्या आत कानात दुसरी ओळ सुरू झाली. ती दचकली. दुसरी झेलायला गेली तर तिसरी आली. तिसरीला तिने नुसतीच मान हलवली. चौथीला, पाचवीला ती हात वर करून थांब म्हणत होती, पण यंत्राला हात दिसतो का? हौसा पुढे पळत होती, एकटीच, प्रश्नामागून प्रश्न विचारत. मांडव कुनाचा, हलद कुनाची, पाटावर कोन, बाशिंग कुनाला. धनेशने जन्मात पहिल्यांदा शब्दांकडे कान दिला आणि त्याला दिसलं की आईच्या सगळ्या ओळी म्हणजे सवाल आहेत. जबाब जानकीकडे. झेलणं म्हणजे तेच फिरून म्हणणं नव्हे. जबाब जेवढा मोठा, तेवढी जागा. आणि त्याने सगळे जबाब कापून फेकले होते.

जानकीबाईने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. ओशाळं हसली. "हौसे," म्हणाली, "तुझं काय चुकलं न्हाय गो. मीच ढिली पडली. आता मना झेलवत न्हाय." आणि पंप तोंडाला लावला.

हे ऐकवेना. धनेश उठला, आत गेला आणि तिच्या पायांशी बसला.

"मावशी, तू ढिली नाहीस. मी जागा कापल्या." मग आईकडे वळला. "आये, मला वाटलं तू विसरतेस."

हौसाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी विसरते?" एवढंच म्हणाली. "इचारायचं तरी व्हतंस, धन्या."

"मूळचं पुसलंय," तो म्हणाला. "तू पुन्हा म्हणशील का गं? दोघी मिळून?"

"न्हाय." तिने विनिताकडे पाहिलं. "हिच्या कानावर पडलाय तो. आता म्हटला तर हिच्या कुंकवावर. माझा झाला. जानकीचाच अर्धा रायला आनी तो आता रायलाच."

विनिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने कपाटाकडे बोट केलं. "त्या सीडीला मधेच थांबवता येतं ना? गाणं चालू असताना करिष्मा बटण दाबते तसं?"

धनेशने तीन महिने खपून मुंबईहून आणलेलं सगळं यंत्र एका बाजूला आणि हॉलमधला जुना सीडी प्लेयर एका बाजूला. धावत जाऊन तो घेऊन आला. कॉम्प्युटर नुसता जानकीबाईचा आवाज भरत राहील, न थांबता. आई सीडीतून येईल. एका ओळीनंतर बटण दाबायचं, आई थांबेल. परत दाबायचं, आई पुढे जाईल. कधी दाबायचं ते जानकीबाई सांगेल. मागून तो ओळींच्या मध्ये जबाब बसवेल, आणि या वेळी एक कणही कापणार नाही.

"मावशी, तुझं म्हणून झालं की माझ्या गुडघ्यावर हात मार. तू मारेपर्यंत आई थांबेल."

"थांबंल ना?" जानकीबाईने विचारलं.

"थांबेल."

प्लेयरला जोडलेला एक हेडफोन त्याने तिच्या कानांवर बसवला, दुसरा स्वतःच्या एका कानाला लावला आणि तो तिच्या पायांशी मांडी घालून बसला, बोट बटणावर. आईची ओळ आली. त्याने दाबलं. कानातली आई थांबली आणि त्या शांततेत जानकीबाईचा आवाज उठला. हौसाच्या आवाजासारखा तो पितळेचा नव्हता. पातळ, घोगरा, मधूनच फाटणारा, पण वाट चुकत नव्हता.

"मांडव कुनाचा गो, भोईरांच्या लेकाचा, दौलतच्या धन्याचा..."

बापाचं नाव ऐकून धनेशने खाली मान घातली. दौलत भोईर जाऊन बारा वर्षं झाली होती. लग्नात त्याचं नाव घेतलं गेलं होतं, आणि लेक तेव्हा स्टेजवर कीबोर्ड बडवत होता.

गुडघ्यावर थाप पडली. त्याने बटण दाबलं.

असं चाललं. ओळ, बटण, जबाब, थाप. मधेच जानकीबाईला श्वास पुरायचा नाही, मग ती पंप ओढायची, छाती वर-खाली व्हायची, आणि कानात हौसा बिचारी थांबलेली असायची. उंबऱ्यावरची हौसा डोळे मिटून ओठ हलवत होती, अगदी त्या शुक्रवारसारखे. आता धनेशला कळलं की ती तेव्हा काय म्हणत होती. जानकीचा प्रत्येक जबाब ती मनात पुरा म्हणत होती, म्हणजे जागा कमी पडू नये.

तास होत आला. गल्लीच्या टोकाला कुणीतरी एक लूम चालू केला. खटॅक-खट. उघड्या दारातून आवाज सरळ आत येत होता. धनेश उठला नाही.

पाटाची ओळ आली. "पाटावरी बसली गो, नवरी कोन ती..."

त्याने दाबलं. जानकीबाई मात्र गाईना. तिने डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं.

"नवरी कुठं हाय?" ती धापा टाकत म्हणाली. "नवरी बसल्याबिगर नाव घेत न्हाईत."

विनिता ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली. चहा टाकायला गेली होती. तिने हात पदराला पुसले, तोच पदर डोक्यावर घेतला आणि नवऱ्याशेजारी, त्याच्या उजव्या अंगाला, खाली बसली. बांगड्या वाजल्या. मागे चहाचं आधण उकळून गॅसवर फसफसलं, पण कुणी उठलं नाही. जानकीबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, उरलासुरला श्वास गोळा केला आणि गायली. कशेळीची लेक, भोईरांची सून, विनिता तिचं नाव, तिच्या कुंकवाला खाडीच्या भरतीएवढं आयुष्य. एका दमात होईना, तर तीन दमांत म्हणाली. एक अक्षर सोडलं नाही.

विनिताचे खांदे हलत होते. आठ वर्षांनी तिला आपलं नाव ऐकू आलं होतं.

जानकीबाईने धनेशच्या गुडघ्यावर थाप मारली.

त्याचं बोट हलेना. डोळ्यांपुढचं बटण पुसट झालं होतं. अजून चार ओळी होत्या, मग धवला संपणार होता. जोवर तो दाबत नाही तोवर सगळं इथेच होतं, दोघी म्हाताऱ्या, विनिता, बापाचं नाव.

परत थाप पडली, जरा जोरात. उंबऱ्यावर बसलेल्या हौसाबाईकडे जानकीबाईने पाहिलंसुद्धा नाही. तिने कानांवरचे हेडफोन नीट केले आणि म्हणाली, "दाब रं पोरा. हौसा थांबलीय कवाची."

धनेशने दाबलं.